खंडेनवमीनंतरचा माऊस

माझ्या खुर्चीमागे दोन माणसं उभी होती आणि काय बिघडलंय हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

“व्हायरस आहे, मॅडम,” अक्षय म्हणाला.

“व्हायरस नाई न काई नाई. म्हातारा झाला थो काम्प्युटर,” गुलाबरावभाऊ म्हणाले. “माणसानं कसं वेळेवर रिटायर व्हावं, तसं मशीननंबी व्हावं.”

मी रिटायर होऊन काही वर्षं झाली आहेत आणि तरीही कामं घेते, हे भाऊंना माहीत होतं. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमाले नाई म्हटलं, ताई,” ते घाईघाईनं म्हणाले.

समोर स्क्रीनवर माऊसचा बाण मधोमध उभा होता. मी माऊस डावीकडे नेला. बाण हलला नाही. उजवीकडे नेला, वर नेला, टेबलावर गोल गोल फिरवला. सासुरवाडीत रुसून बसलेल्या जावयासारखा तो जागचा उठेना.

आधी माझं काम काय ते सांगते. मी कापूस तपासायची मशीन दुरुस्त करते. एका कंपनीत हेच काम करत सगळा विदर्भ फिरले, आता घरबसल्या जमेल तेवढं करते. रुई चांगली की वाईट हे पूर्वी व्यापारी चिमटीत धरून, ओढून, उजेडाकडे नेऊन सांगायचा. आता मशीन सांगतं. धागा किती लांब, किती बारीक, किती मजबूत, रुई किती पांढरी आणि किती पिवळी, असा सगळा रिपोर्ट कागदावर छापून येतो. गिरणीवाले तो रिपोर्ट पाहून गाठी घेतात.

मारेगावच्या अलीकडे गुलाबरावभाऊंची जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. त्यांच्याकडे असं एक मशीन आहे आणि त्याला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर. त्यावर विंडोज नाही, युनिक्सच्या जातीची एक सिस्टिम आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना एवढंच सांगते की ही सिस्टिम दिसायला रुक्ष, बोलायला तुसडी आणि कामाला वाघ असते. वर्षानुवर्षं बंद पडत नाही. त्यामुळे ती चालवायची कशी हे सगळे निवांत विसरून जातात.

मशीनच्या कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं. जुन्या मशीनला नवा कॉम्प्युटर चालत नाही आणि नवं मशीन घ्यायची भाऊंची तयारी नाही. म्हणून त्यांनी करंजीला एसटी स्टँडवर गाडी पाठवून मला उचलून आणलं होतं.

“दुपारी सेल्वम साहेब येऊन राह्यले,” भाऊ म्हणाले. सेल्वम हा दक्षिणेतल्या एका सूतगिरणीचा माणूस. सीझनच्या पहिल्या गाठी तोच पाहतो, आणि त्याला पसंत पडल्या तर पुढच्या सगळ्या त्याच गिरणीला जातात. “त्याच्या समोर रिपोर्ट निंघाला तं ठीक. नाई तं मी ठरवलं हाय. हे दुकान बंद करतो. सँपल पाठवू नागपूरच्या लॅबले. तिथल्या माणसासंग बोलणं झालं माह्यं.”

दुकान म्हणजे काय ते मी पाहत होते. एक लहान खोली, एक एसी, एक मशीन, एक वजनकाटा आणि त्या काट्यामागे मुकाट उभी असलेली प्रणिता. लॅब ती एकटी चालवते. बीएस्सी झाली, लग्न होऊन इथेच राहिली. सायन्स शिकलेल्या बाईला घरून डबा घेऊन जाता येईल अशी दुसरी नोकरी आसपास नाही. भाऊंनी ‘दुकान बंद’ म्हटलं तेव्हा तिनं काट्यावरची न दिसणारी धूळ झटकली. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि जरा रागही आला, कारण भाऊ हे तिच्यासमोर बोलत होते आणि ती तिथे आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“बरं,” मी म्हटलं. “बिघडायच्या आधी कोणी काय केलं?”

“काहीच नाही,” अक्षय म्हणाला.

“काईच नाई,” भाऊ म्हणाले.

“काही नाही, मॅडम,” प्रणिताही म्हणाली.

आमच्या धंद्यात हे उत्तर ठरलेलं असतं. मशीनमधून धूर निघत असला, आत चहाचा कप उपडा झालेला दिसत असला, तरी कोणीच काही केलेलं नसतं. डॉक्टरला पेशंट निदान ‘काल भजी खाल्ली’ एवढं तरी सांगतो. आमचे पेशंट मुके आणि त्यांचे नातेवाईक साधू.

“पण मॅडम,” प्रणिता हळूच म्हणाली, “दसऱ्यानंतर पहिल्यांदा चालू केलं तवा बाण हलत होता. म्हणजे मी हलवला तं नाई. आपोआप. काट्यावर कापूस ठेवला का पळे.”

“तोच तो व्हायरस,” अक्षय म्हणाला. “मी काढला.”

“म्या लिंबू बांधलं,” भाऊ म्हणाले आणि मॉनिटरच्या मागे बोट दाखवलं. तिथे खरंच लिंबू-मिरची टांगली होती. मशीन म्हातारं झालंय असं मानणारा माणूस दृष्टही काढून घेतो. मला भाऊंचं हेच आवडतं, ते कुठलाच उपाय सोडत नाहीत.

अक्षय भाऊंचा भाचा. पुण्यातल्या कंपनीचं काम मारेगावात बसून करतो. त्यानं स्वतःचा एक नवा यूएसबी माऊस आणून जोडला होता. त्याच्या पोटातला लाल दिवा पेटला होता. दिवा पेटला म्हणजे चालू असं त्याचं म्हणणं. पण या सिस्टिमच्या जन्माच्या वेळी तसले माऊस नव्हते. ती त्याला ओळखच दाखवेना.

तिचा माऊस वेगळा असतो. त्याला सीरियल माऊस म्हणतात. पोटात रबरी गोळी, लांब करडी शेपटी आणि शेपटीच्या टोकाला नऊ छिद्रांचा रुंद प्लग. प्लगच्या दोन्ही बाजूंना दोन स्क्रू. तो कॉम्प्युटरच्या मागच्या नऊ पिनांच्या पोर्टमध्ये बसवून स्क्रू आवळायचे. आजच्या मुलांना दाखवला तर ते त्याला टेबल फॅनचा भाग समजतील. माझ्या पिशवीत असा एक चालू माऊस कायम असतो. बायका पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवतात तसा मी तो ठेवते.

मी कॉम्प्युटर बंद केला, त्यांचा जुना सीरियल माऊस काढून तिथेच माझा लावला, पुन्हा चालू केला. बाण ढिम्म. म्हणजे माऊस मेलेला नव्हता, दुखणं दुसरीकडे होतं.

आता कीबोर्डचं काम होतं. या सिस्टिमवर तीन कळा एकदम दाबल्या की चित्रांचा पडदा जातो आणि काळा पडदा येतो. तिथे अक्षरं टाइप करून तिच्याशी बोलायचं. काळा पडदा आला की मागे उभी असलेली माणसं एक पाऊल मागे सरकतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. दोघंही सरकले.

“गेलं का सारं?” भाऊंनी विचारलं.

“आलंय. आता कुठे आलंय,” मी म्हटलं.

माऊस कुठल्या पोर्टवर आहे हे या सिस्टिमला एका सेटिंगच्या फाइलमध्ये सांगून ठेवलेलं असतं. ती फाइल मी उघडली. माऊसच्या ओळीत यूएसबी माऊसचं नाव होतं. मशीन बसवलं तेव्हा हे नाव कोणी लिहिणं शक्यच नव्हतं. ते अलीकडे, इंटरनेटवर व्हिडिओ पाहून, फार आत्मविश्वासानं लिहिलेलं होतं.

मी अक्षयकडे पाहिलं. अक्षय छताच्या पंख्याकडे पाहू लागला. एसी असल्यामुळे तो पंखा बंद होता.

मी ओळ दुरुस्त केली, म्हणजे ‘माऊस पहिल्या पोर्टवर आहे’ असं पूर्वीसारखं लिहिलं आणि चित्रांचा पडदा परत आणला. मनात म्हटलं, झालं काम, जेवायच्या वेळेला यवतमाळला घरी. माऊस हलवला. बाण हलेना.

“पाहा,” भाऊ म्हणाले. “म्हातारपण.”

मी उठून पाणी प्यायले. माझ्या मागे प्रणिता सवयीनं रुईचा पुंजका काट्यावर ठेवत होती. रुईचा बारीकपणा मोजायला आधी पुंजक्याचं नेमकं वजन लागतं, आणि काट्यावरचं वजन वायरीतून सरळ कॉम्प्युटरमध्ये जातं. तिनं पुंजका ठेवला आणि अक्षय ओरडला.

“पळाला! मॅडम, पळाला!”

बाण एका झटक्यात खाली डावीकडे गेला होता. प्रणितानं पुंजका उचलून पुन्हा ठेवला. बाण आणखी खाली डावीकडे गेला आणि कोपऱ्यातलं ‘बाहेर पडा’ हे बटण कोणीही न दाबता दाबलं गेलं. खरंच बाहेर पडायचं का, असं मशीन विचारू लागलं.

“मी व्हायरस काढला होता,” अक्षय माझ्याकडे तक्रारीच्या सुरात म्हणाला. “तुम्ही परत आणला.”

एका अर्थी त्याचं बरोबर होतं. त्यानं सेटिंग बदलून माऊसची वाटच बंद केली होती, म्हणून भूतही बंद झालं होतं. घरात आवाज येतो म्हणून कानात बोळे घालण्यातला तो प्रकार. पण मी मनातून खूश झाले. मुकं मशीन ही डोकेदुखी असते. चुकीचं का होईना, बोलणारं मशीन बरं, त्याच्याशी भांडता तरी येतं.

तेवढ्यात गेटवरून निरोप आला की सेल्वम साहेबांची गाडी वणीहून निघाली आहे. भाऊ आणि अक्षय गाठी नीट लावून घ्यायला बाहेर पळाले. लॅबमध्ये मी आणि प्रणिता उरलो. पहिल्यांदा जरा शांतता मिळाली.

मी पुन्हा काळ्या पडद्यावर गेले. या जातीच्या सिस्टिमची एक गंमत आहे. कुठल्याही पोर्टला कान लावून तिथून काय येतंय ते जसंच्या तसं पडद्यावर पाहता येतं. ज्या कमांडनं हे करतात तिचं नाव कॅट. उंदरासाठी मांजर बोलावलं हा विनोद मी नोकरीत इतक्या वेळा केला आहे की आता माझं मलाच हसू येत नाही. प्रणिताला मात्र आलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली.

“पहिल्या पोर्टला कान लावते,” मी म्हटलं. “इथे माऊस असायला हवा. मी माऊस हलवते, तू पडद्याकडे पाहा.”

मी माऊस हलवला. पडदा कोरा.

“आता तू काट्यावर कापूस ठेव.”

तिनं ठेवला. कोऱ्या पडद्यावर एक आकडा उमटला. त्याच्यापुढे ग्रॅमचं अक्षर. तिनं काट्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आकडा तोच होता.

“मॅडम, हे तं वजन हाय.”

“माऊसच्या दारात उभं आहे,” मी म्हटलं.

मग दुसऱ्या पोर्टला कान लावला, जिथे काटा असायला हवा. माऊस हलवला. पडद्यावर चित्रविचित्र अक्षरांचा सडा पडला. एवढंच होतं. माऊसची वायर काट्याच्या पोर्टमध्ये होती आणि काट्याची माऊसच्या. मीही माझा माऊस मुकाट्यानं त्यांच्या माऊसच्याच जागी लावला होता. पहिल्या पोर्टवरून जे येईल ते माऊसचं हलणं, असं सिस्टिमला सांगितलेलं. काट्यानं बिचाऱ्यानं इमानदारीत वजन पाठवलं की सिस्टिम त्याचा अर्थ ‘बाण खाली डावीकडे ने आणि बटण दाब’ असा लावायची. भूत, व्हायरस आणि म्हातारपण ही तिन्ही निदानं गेली.

दोन्ही पोर्ट दिसायला अगदी सारखे असतात, प्लगही सारखे. चूक होऊ नये म्हणून आमच्या कंपनीची पद्धत होती. मशीन बसवताना माऊसच्या प्लगवर आणि त्याच्या पोर्टवर मार्करनं एकेक लाल ठिपका द्यायचा. लालला लाल जोडलं की संपलं. मी कॉम्प्युटर वळवून मागची बाजू पाहिली. ठिपका नव्हता. प्लगवरही नव्हता. मागची बाजू इतकी स्वच्छ होती की मला संशय आला. कॉम्प्युटरची मागची बाजू कोणाच्याही घरी इतकी स्वच्छ नसते.

“प्रणिता, या वायरी काढल्या होत्या का?”

तिच्या चेहऱ्यावरून हसू एकदम उतरलं.

“खंडेनवमीले,” ती म्हणाली. “भाऊ म्हणाले, सारं पूजेत आलं पाह्यजे. जिनचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, काटा, काम्प्युटर, माऊस, सारं पाटावर मांडा. वायरा लटकत्या नाई पाह्यजेत म्हणाले, साऱ्या काढा. मंग पूजा झाली. हळद-कुंकू वाह्यलं. माऊसले झेंडूची माळ घातली.”

“मग?”

“मंग दसऱ्यानंतर मी पुसून काढलं. स्पिरिटनं. कोपरान्‌कोपरा पुसला.”

“कशाला? पुढून पुसलं असतंस तरी चाललं असतं.”

“हळद होती न, मॅडम. बारीक उडते थे. रुईवर पडली का रुई पिवळी दिसते. रिपोर्टात पिवळेपणा वाढते. बिचारा चांगला कापूस हलका ठरते.” मग तिला कळलं. ती प्लगकडे पाहतच राहिली. “तिथं लाल ठिपके होते. साऱ्याच प्लगवर होते. मी कुंकवाचे समजली.”

 आमच्या कंपनीनं तो लाल रंग फार विचार करून निवडला होता. डोळ्यांत भरतो, लांबून दिसतो, पुसट होत नाही. वर्षातून एकदा मशीनच्या प्रत्येक प्लगला लाल टिळा लावणारे लोक या जगात आहेत, हे त्या विचारात बसलं नव्हतं.

“आता मले काढतीन,” प्रणिता म्हणाली. रडली नाही. सरळ सांगितल्यासारखं म्हणाली, आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

“कोणी काढत नाही. ऐक. भाऊंनी विचारलं तर केबल ढिली होती एवढंच मी सांगणार.”

‘केबल ढिली होती’ ही आमच्या धंद्यातली सर्वांत उपयोगी थाप आहे. तिच्यानं कोणाचं नाव येत नाही, कोणाची नोकरी जात नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण समजलो असं वाटतं.

मी कॉम्प्युटर बंद केला. या माऊसला पोर्टमधूनच वीज मिळते आणि सिस्टिम त्याची ओळख सुरुवातीलाच करून घेते, म्हणून चालू असताना वायर बदलून भागत नाही. दोन्ही प्लग काढले, अदलाबदल केली, स्क्रू आवळले, चालू केला. बाण माझ्या हाताबरोबर डावीकडे गेला, उजवीकडे गेला. प्रणितानं काट्यावर पुंजका ठेवला. बाण जागेवर राहिला आणि वजनाचा आकडा वजनाच्या चौकटीत जाऊन बसला. इतकं साधं दृश्य, पण आम्ही दोघी ते दोनदा करून पाहिलं.

सेल्वम साहेब आले ते थेट लॅबमध्येच. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. प्रणितानं त्यांच्यासमोर गाठीतली रुई काढली, वजन केलं, मशीनमध्ये घातली. प्रिंटर कुरकुरला आणि रिपोर्ट बाहेर आला. त्यांनी तो वाचला, रुईचा पुंजका स्वतः चिमटीत ओढून पाहिला. मशीनवर विश्वास असला तरी ही जुनी खोड जात नाही. मग मान हलवली.

मला वाटलं, सुटलो. पण भाऊ सुटायला तयार नव्हते.

“आज चाललं, ताई. उद्या पुन्हा अडलं तं? मी तुमाले दरवेळी कुठून आणू? आपलं नागपूरच बरं.” मग एकदम त्यांना आठवलं. “पण झालं काय होतं?”

“केबल,” मी सुरुवात केली.

“केबल!” भाऊ गरकन अक्षयकडे वळले. “म्हणजे तुह्यंच काम! सांगतलं होतं न, मशीनले हात नको लावू म्हून? थो यूएसबी का फ्यूएसबी घालाले वायर ओढली असन. काहून हात लावते रे तू?”

“मामा, मी वायर नाही ओढली.”

“मंग काय वायर स्वतः चालत गेली?”

सेल्वम साहेब कागदावरून डोळे वर करून पाहू लागले. अक्षयचे कान लाल झाले. मी आणखी चांगली थाप जुळवायच्या बेतात होते. अर्थिंग, व्होल्टेज, उंदरानं कुरतडली, असं काहीतरी. तेवढ्यात काट्यामागून आवाज आला.

“भाऊ, त्यानं नाई केलं. मी केलं.”

 प्रणितानं सगळं सांगितलं. पूजा, हळद, स्पिरिट, ठिपके. एक शब्द गाळला नाही. वायरी उलट्या लावल्या त्या मीच, असं शेवटी पुन्हा सांगितलं.

हे ऐकून अक्षय इतका ओशाळला की त्याला राहवेना. “वायर नाही,” तो म्हणाला, “पण सेटिंग मी बदललं होतं. मॅडमनी आल्यावर ते नीट केलं. माझ्यामुळे मूळ बिघाड कळायला वेळ लागला.”

आता सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे. हा पंखा त्या घराण्याच्या फार उपयोगी पडतो.

“वायरा काढा म्हून,” भाऊ घसा खाकरून म्हणाले, “म्याच सांगतलं होतं. पूजेत लोंबते वायरा बऱ्या दिसत नाईत.”

सेल्वम साहेबांना मराठी थोडी समजते, बोलता येत नाही. ते प्रणिताकडे वळले.

“हल्दी आपने पोंछा?”

“हो जी. मतलब, मैंने.”

“किसने बोला था पोंछने को?”

“किसीने नहीं. रुई पीली आती ना, सर.”

त्यांनी मग रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली आणि भाऊंना म्हणाले, “नागपूर का रिपोर्ट भी हमको चलेगा, गुलाबराव जी. लेकिन उधर कोई हल्दी पोंछेगा क्या?”

भाऊ हुशार माणूस आहेत. जिनिंग चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि नागपूरच्या माणसाला लावला. “हां साहेब. नाई, सँपल पाठवत नाई. आमची लॅब चालू हाय. हाय न, बाई हाय आमची. बीएस्सी हाय.” हे शेवटचं त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की जणू तिला त्यांनीच शिकवलं होतं.

फोन ठेवून ते प्रणिताला म्हणाले, “पुढच्या साली वायरा काढाच्या नाईत. मशीनले पाटावर नाई आणाचं, पाट मशीनपाशी न्याचा. अन् हळद कमी.”

“हो, भाऊ,” ती म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही आणि मीही न बघितल्यासारखं केलं नाही. जवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

निघण्याआधी मी माऊसच्या प्लगवर आणि पोर्टवर नवे ठिपके दिले. निळे. अक्षयनं विचारलं, निळेच का? मी म्हटलं, तुमच्या पूजेत निळं काही नसतं.

अक्षय मला करंजीपर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं काळ्या पडद्याबद्दल बरंच विचारलं, आणि मी सांगितलं. पुण्याच्या कंपनीत हे कोणी शिकवत नाही म्हणाला. मी म्हटलं, मलाही कोणी शिकवलं नव्हतं, मशीनं बंद पडत गेली आणि मी शिकत गेले.

तेव्हापासून मी एक प्रश्न बदलला आहे. बिघडायच्या आधी कोणी काय केलं, असं आता मी विचारत नाही, कारण कोणीच काही केलेलं नसतं. मी विचारते, बिघडायच्या आधी कोणी काय स्वच्छ केलं? लोक लगेच सांगतात, अगदी कौतुकानं सांगतात. निम्मे बिघाड तिथेच सापडतात.

ढिल्या केबलची थाप मात्र मारेगावला वाया गेली. थाप चांगलीच होती, तिनं प्रणिताचं नावही झाकलं असतं. पण मशीन नीट झाल्यावरही लॅब बंदच होणार होती. ती वाचली प्रणिता खरं बोलली म्हणून, आणि त्यात माझा हात फक्त एवढाच, की मी पुढची थाप मारणार होते आणि तिनं मला ती मारू दिली नाही.